राइटिंगच्या ५.५ च्या नावानं चांगभलं (आयेल्ट्स, माझा अनुभव)

आधीच सांगते, माझं आयेल्ट्स (बाहेर शिकायला जायचं तर इंग्रजीची परीक्षा असते ती) झालं, हवा होता त्यापेक्षा जास्तच बँड, म्हणजे तिथले मार्क, आला, पण दुसऱ्या अटेम्प्टला. पहिल्या अटेम्प्टचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही म्हणून हे लिहायला बसलेय.

माझी शाळा दहावीपर्यंत मराठी मिडीयम, साताऱ्याकडच्या गावात. मग पुण्यात डिप्लोमा, डिग्री, चाकणला क्वालिटीमध्ये नोकरी. २०२३ मध्ये बाहेर मास्टर्सला अप्लाय करायचं ठरलं. युनिव्हर्सिटीची अट होती ओव्हरऑल ६.५ आणि कुठल्याही सेक्शनला ६ च्या खाली नको. दुसरी अट मी वाचली आणि सोडून दिली, म्हटलं ६.५ आले की त्यात सगळं आलंच. नाही येत. तुम्ही ती ओळ नीट वाचा, जमल्यास कागदावर लिहून कपाटाला चिकटवा.

डेक्कनला एक क्लास लावला, नाव घेत नाही. शनिवार-रविवार बॅच. पहिल्याच दिवशी सरांनी चार पानांची झेरॉक्स हातात दिली आणि म्हणाले, "एवढं पाठ करा, राइटिंगला दुसरं काही लागत नाही." त्यात निबंधाचा तयार सांगाडा होता. सुरुवात ‘इन धिस मॉडर्न एरा’, मधे ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’, शेवटी ‘टू कन्क्लूड’ करून ठोकून दिलेलं एक भारदस्त वाक्य, आणि विषयासाठी मोकळी जागा. तलाठी ऑफिसातल्या छापील अर्जासारखं, फक्त नाव-गाव भरायचं. मी मराठी मिडीयमची, पाठांतर आपला हुकमी एक्का. वारज्याच्या पुलाखाली सकाळी कंपनीची बस पकडायची आणि चाकण येईपर्यंत तोंडात तेच. झोपेत विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं.

निकाल आला: लिसनिंग ७.५, रीडिंग ७, स्पीकिंग ६.५, राइटिंग ५.५. सरासरी ६.६२५, म्हणजे ओव्हरऑल ६.५. बरोब्बर पाहिजे तेवढे, आणि तरी उपयोग शून्य, कारण ते ५.५.

क्लासमध्ये गेले तर सर म्हणाले, "एक्झामिनर कडक आला असेल, पुन्हा बॅच जॉईन कर, तुला कन्सेशन देतो."

पण खरी चिडचिड पुढे आहे. आयेल्ट्समध्ये वन स्किल रीटेक नावाची सोय आहे, एकाच सेक्शनची परीक्षा पुन्हा द्यायची, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. मला वाटलं सुटलो. तर ती सोय फक्त कंप्युटरवर परीक्षा दिलेल्यांना! आणि मी दिली होती पेपरवर. का, तर सर म्हणाले होते, "तुम्हाला टायपिंग कुठे येतं, पेपरवरच द्या." दिवसभर एक्सेलमध्ये बोटं झिजवणारी मुलगी मी, आणि मुकाट्याने पेपर निवडला. वर तेव्हा पेपरचा निकाल यायला १३ दिवस लागायचे, कंप्युटरवाल्यांना तीन ते पाच दिवसांत हातात. (रीटेक प्रत्येक युनिव्हर्सिटी चालवून घेत नाही, ते आधी त्यांना मेल करून विचारा.)

मग कुणीतरी सांगितलं की रीचेकिंग टाक. परीक्षेच्या तारखेपासून ६ आठवड्यांच्या आत अर्ज करता येतो, बँड बदलला तर फी परत मिळते. टाकलं. रोज लंचला मोबाईल उघडून बघायचे, रात्री झोपताना पुन्हा. रूममेट म्हणायला लागली, "अगं, डिलिव्हरीची वाट बघतेस का कुणाच्या?" अठराव्या दिवशी उत्तर आलं, नो चेंज. पैसे गेले ते गेलेच, वर तीन आठवडे मी अभ्यासाचं एक अक्षर काढलं नाही, कारण मनात धरूनच चालले होते की ६ होणार. रीचेकिंग टाकायचं तर टाका, पण त्या दिवसांत पुस्तक मिटू नका.

आता परत सगळी परीक्षा, परत फी, जी तेव्हाच १५ हजारांच्या वर होती. बाबांना फोनवर सांगताना घसा बसला.

आमच्या डिपार्टमेंटला एक सिनियर आहेत, जर्मन क्लायंटला रोज मेल लिहितात. कँटीनमध्ये चहा घेताना त्यांना माझा एक प्रॅक्टिस निबंध दाखवला. विषय होता, शहराच्या मध्यभागात खासगी गाड्या बंद कराव्यात का, तुम्ही कितपत सहमत आहात. त्यांनी वाचला, पालथा ठेवला आणि म्हणाले, "बरं, आता मराठीत सांग, तुझं म्हणणं काय?" मी गप्प. खरंच गप्प. अडीचशेच्या वर शब्द लिहून मला माहीत नव्हतं की गाड्या बंद कराव्यात का नाही. कॉइनला दोन साइड्स होत्या आणि मी दोन्हीकडे नव्हते.

मग त्यांनी पेन काढलं आणि जिथे जिथे नामाआधीचा इंग्रजी ‘द’ किंवा ‘अ’ (आर्टिकल) राहिला होता तिथे गोल करत गेले. सतरा गोल. आपल्या मराठीत हा प्रकारच नाही, त्यामुळे राहिलेला डोळ्याला खटकतच नाही. दुसरं म्हणजे आपला ‘च’. "आय अ‍ॅम स्टेइंग इन पुणे ओन्ली" हे आपण ‘पुण्यातच’ असं मनात म्हणून बोलतो, मी निबंधात तीनदा ‘ओन्ली’ घातलं होतं.

राइटिंगचे मार्क चार गोष्टींना सारखे वाटलेले असतात: प्रश्नाला उत्तर दिलंय का, मांडणी सलग आहे का, शब्द, आणि व्याकरण. पाठ केलेली वाक्यं तपासणाऱ्याला लगेच कळतात आणि त्याचे मार्क मिळत नाहीत, उलट जातात. हे चार मुद्दे सगळ्यांसाठी खुले आहेत, मी ते पहिली परीक्षा देऊन झाल्यावर वाचले. क्लासमध्ये चार महिन्यांत कुणी शब्द काढला नव्हता.

पुढचे सहा आठवडे मी एवढंच केलं. विषय घ्यायचा, आधी मराठीत दोन वाक्यांत मत लिहायचं, का ते लिहायचं, मगच इंग्रजी सुरू. गाड्यांचाच निबंध परत लिहिला तेव्हा लक्ष्मी रोड घातला, ११ डिसेंबरला पादचारी दिनाला तो गाड्यांना बंद असतो आणि माणसं रस्त्याच्या मधून चालतात ते. भारी शब्द एकही नव्हता पण पहिल्यांदा तो निबंध माझा वाटला. आणि रात्री पेपरमधला इंग्रजी परिच्छेद वहीत उतरवायचा, सगळे ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ गाळून, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये ते परत भरायचे. फार कंटाळवाणं आहे. पण पंधरा दिवसांनी गोल तीन-चारवर आले.

वेळेचं सांगायचं राहिलं. राइटिंगमध्ये टास्क १ म्हणजे ग्राफचं वर्णन आणि टास्क २ म्हणजे निबंध. टास्क २ ला टास्क १ च्या दुप्पट वजन आहे, म्हणून एका तासातली ४० मिनिटं त्याला द्या, आणि २५० शब्दांच्या खाली जाऊ नका. मी पहिल्या वेळी ग्राफवरच अर्धा तास घालवला होता.

लिसनिंगला रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात आणि शेवटचा ‘एस’ राहिला तरी उत्तर चूक. स्पीकिंगसाठी एआरएआयच्या टेकडीवर जाऊन मोबाईलमध्ये रेकॉर्ड करत बोलायचे, एक मिनिट विचार, दोन मिनिटं बडबड. मॉर्निंग वॉकवाले आजोबा वळून वळून बघायचे, एकाने तर "कुठल्या चॅनलला गं?" विचारलं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत हा प्रयोग करू नका, तिथली एमपीएससीची मुलं हाकलून देतात, मी अनुभव घेतलाय. जुन्या पेपरांची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात घ्या, पण आधीच्या मालकाने पेन्सिलने उत्तरं लिहिली नाहीत ना ते उलगडून बघा. आणि परीक्षेला ओरिजिनल पासपोर्ट, बुकिंगला जो नंबर दिला तोच, आधार वगैरे चालत नाही.

दुसरी परीक्षा कंप्युटरवर दिली. लिसनिंग घसरून ७, रीडिंग ७, स्पीकिंग ६.५, राइटिंग ६.५. सरासरी ६.७५, ती वर राउंड होते, म्हणून ओव्हरऑल ७. बाबांना फोन केला तर म्हणाले, "मग आता परत नाही ना द्यायची?"

महिनाभराने डेक्कनला गेले तर क्लासच्या खाली फ्लेक्स. आमचे यशस्वी विद्यार्थी, आणि दुसऱ्या रांगेत माझा अ‍ॅडमिशन फॉर्मवरचा फोटो, खाली ७ बँड. वर जाऊन सरांना म्हटलं, सर, हे मी घरी बसून केलंय, फोटो काढा. सर म्हणाले, "अगं, पाया तर इथलाच ना!" आणि माझ्यासमोरच नवीन बॅचला झेरॉक्स वाटायला गेले. तीच चार पानं.