तुम्ही विचारलंत म्हणून: वाटी भरलेली असताना लव्हबर्ड खंगतो कसा?

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर असो की निपाणी, प्रश्न तोच: वाटीत दाणे आहेत, पाणी आहे, मग पक्षी वाळत का चाललाय? आपल्याकडे सगळे ज्याला लव्हबर्ड म्हणतात, त्या बजरीगरबद्दल (छोटा ऑस्ट्रेलियन पोपट) हे लिहितो. (देशी हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे तो विषयच नाही.)

आधी वाटी पिंजऱ्याबाहेर काढा आणि फुंकर मारा. हा पक्षी दाणा चोचीत फिरवून सोलतो, आतला गर खातो आणि टरफल तिथेच टाकतो. संध्याकाळपर्यंत वर टरफलांचा जाड थर साचतो. बघणाऱ्याला वाटी भरलेलीच वाटते, पण तो थर उकरून खालचे दाणे काढणं पक्ष्याला जमतंच असं नाही. फुंकर सकाळ-संध्याकाळ मारायची. पक्षी दोन असतील तर वाट्याही दोन, आणि लांब लांब. दांडगा पक्षी दुसऱ्याला वाटीजवळ येऊ देत नाही.

एका पक्ष्याला दिवसाला दीड-दोन चहाचे चमचे दाणे पुरतात. राळे (दुकानात नवणे म्हणून मागा), वरी आणि थोडी बाजरी. सूर्यफूल अगदी क्वचित. शेंगदाणे नकोच, त्यांना बुरशी लवकर धरते आणि तिचं विष यकृतावर जातं. पावसाळ्यात खानापूरकडची हवा इतकी ओली असते, की पिशवीतलं धान्यही कुबट होतं. पंधरा दिवसांपुरतंच आणा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. शंका आली तर चिमूटभर दाणे ओल्या फडक्यात बांधा. तीन दिवसांत बहुतेकांना मोड आले नाहीत, तर ते धान्य जुनं आहे.

नुसत्या दाण्यांवर मात्र पक्षी धडधाकट राहत नाही. दाण्यात अ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि आयोडीन कमी. आयोडीन कमी पडलं की गळ्यातली ग्रंथी सुजते, श्वासनलिका दबते, श्वासाला टिकटिक आवाज येतो. पण आयोडीन मिळावं म्हणून पाण्यात मीठ घालू नका, मीठ त्याला घातक आहे. औषध डॉक्टरांकडूनच घ्या. रोज सकाळी दाण्यांच्या आधी शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी किंवा किसलेलं गाजर द्या, चांगलं धुऊन. दुपारी उरलेलं काढा. तो पाला खात नाही म्हणून दाणे बंद करू नका. एवढ्याशा जिवाला उपास झेपत नाही. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस (कटलफिश या समुद्री जीवाचं पांढरं हाड) जाळीला अडकवा. अॅव्होकाडो आणि चॉकलेट कधीही नाही. नॉनस्टिक तवा करपला, तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत जातो. पिंजरा स्वयंपाकघरात नकोच.

खंगणं उशिरा कळतं, कारण पिसं फुगलेली असतात. छातीच्या मधल्या हाडावर बोट हलकेच फिरवा. दोन्ही बाजूंना मांस लागलं पाहिजे. हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं लागलं, तर पक्षी बरेच दिवस अर्धपोटी आहे. त्यापेक्षा एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा बरा. साधारण ३०–४० ग्रॅमचा पक्षी आठवड्यात ३–४ ग्रॅमने उतरला, तर थांबू नका.

पक्षी तळाला बसला, शेपूट श्वासाबरोबर वरखाली होऊ लागली, तर पिंजरा तीन बाजूंनी झाका, चौथ्या बाजूला उबेसाठी बाहेरून ४० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब (एलईडी नव्हे) लावा, दाणे-पाणी तळाशीच ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जनावरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत. कोण बघतं हे पक्षी ठणठणीत असतानाच फोन करून विचारून ठेवा.