काकांच्या लक्ष्मीवर भिंग धरलं तेव्हा

सीताबर्डीत माझं फ्रेमिंगचं छोटं दुकान आहे. काम म्हणजे लग्नाचे फोटो, देव आणि सर्टिफिकेटं, बस. पण धरमपेठेतले एक काका-काकू आहेत, ४० वर्षं पगारातनं पैसे वाचवून चित्रं जमवून राहिलेत. नियम एकच, दोघांना आवडलं तरच घ्यायचं. त्यापायी चित्रकार रझांचं एक प्रिंट हातचं गेलं, ते काका अजून काढतात, "अरे आपल्या नागपूरच्या आर्ट स्कूलमध्ये शिकलेला माणूस, आणि ही म्हणे नुसता काळा गोळा आहे!"

मागच्या मे महिन्यात फोन आला, रवि वर्मांच्या लक्ष्मीच्या चित्रावर डाग पडलेत, लवकर ये. गेलो तर कूलरचा झोत थेट त्याच भिंतीवर! ४५ डिग्रीत कूलर लागतोच हो, पण ती ओली हवा कागदाला बाधते हे कोणी सांगत नाही. जेवणाच्या टेबलावर चादर टाकली, मागचा हार्डबोर्ड काढला, बघतो तर खालचा कोपरा काचेला चिकटलेला, कारण आधीच्या फ्रेमवाल्याने माउंटच, म्हणजे काच आणि चित्रात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, टाकलं नव्हतं, काच थेट चित्रावर. काका म्हणे ओढून काढ. मी म्हटलं काका, ओढलं तर रंग काचेवरच राहील. मग पातळ पातं घालून पाऊण तास इंच-इंच सरकवत बसलो, पंखासुद्धा बंद, घाम नाकावरून टपकू नये म्हणून खांद्याला नाक पुसून राहिलो होतो.

सुटलं एकदाचं. रंग कुठे उडाला का बघायला भिंग लावलं आणि गप्पच झालो. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके, सारख्या अंतरावर, फुलासारखे रांगेत. म्हणजे ऑफसेट, कॅलेंडरं छापतात तशी अलीकडची मशीनची छपाई. रवि वर्मांचा प्रेस १८९४ चा, आधी मुंबईला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला, तिथे दगडावरून छापायचे, रंगागणिक वेगळा दगड, भिंगाखाली बारीक दाणे दिसतात, वेडेवाकडे. आणि काकांनी तर हे "जुन्या प्रेसचं" म्हणून दोन महिन्यांचा पगार मोजून घेतलेलं!

मी भिंग पुसायचं नाटक करत होतो. काकूंनी ते हातातून घेतलं, बराच वेळ बघितलं. "हे तर आपल्या पेपरातल्या फोटोसारखं दिसतंय रे."

काका काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले. काकू उठल्या आणि स्वयंपाकघराच्या बोळातली यशोदा-कृष्णाची तसबीर काढून आणली, माहेरहून आलेली, काचेवर फोडणीचा चिकट थर, यशोदेच्या साडीला खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या. हिची फ्रेम उघडली. दाणेच दाणे! आणि फ्रेमच्या पट्टीखाली दडलेल्या खालच्या कडेला इंग्रजीत बारीक अक्षरं, रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. कुठल्या सालची ते काही मी सांगू शकत नाही, पण दगडावरची हे नक्की.

काका म्हणाले, "म्हणजे फुकटात आलेली अस्सल आणि मी..." पुढे बोललेच नाहीत, हसायलाच लागले.

मग कोणती कुठे लावायची यावर अर्धा तास भांडण. दोन्हींना अॅसिड-फ्री, म्हणजे कागद खराब न करणारं, माउंट टाकायचं ठरलं, हो, लक्ष्मीला पण, काकांनी ठासून सांगितलं. मी सामान आवरून निघालो तरी भिंत ठरली नव्हती. काकू म्हणाल्या, ते बघू नंतर, आधी हा कूलर त्या खिडकीत सरकवू लाग.