इक्थिओसिस: आधी पाणी, मग तेल

इक्थिओसिस म्हणजे कातडी कोरडी पडून तिच्यावर खवले येण्याचा आजार. अंगावर असे खवले दिसले की घरोघरी पहिला उपाय ठरलेला असतो: तेल. सकाळी कोरड्या पायांवर खोबरेल चोळतात, दुपारपर्यंत पाय चकाकतात आणि संध्याकाळी पुन्हा पांढरा भुसा दिसू लागतो. तेल वाईट नाही, क्रम चुकतो. या आजारात कातडीला पाणी धरून ठेवता येत नाही. सर्वांत जास्त आढळणाऱ्या इक्थिओसिस व्हल्गारिस या प्रकारात कातडीचा ओलावा टिकवणारं फिलॅग्रिन हे प्रथिन जन्मापासूनच कमी पडतं. तेल पाणी आणत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही, एवढंच. म्हणून आधी कातडी भिजवायची आणि मग झाकायची.

पाणी कोमट हवं. धुळ्यात थंडीत पारा एक अंकी होतो तेव्हा कढत पाण्याचा मोह होतो, पण कढत पाणी कातडीतलं उरलंसुरलं स्निग्धही धुऊन नेतं. भराभर चार तांबे ओतून भागत नाही, खवले मऊ व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. टब नसेल तर पाटावर बसून जुना सुती पंचा भिजवून पायांभोवती गुंडाळा आणि त्यावर अधूनमधून पाणी घालत राहा. खवले जाड असतील तर डॉक्टरांना विचारून पाण्यात खाण्याचा सोडा घालता येतो, लिटरला ३ ते ६ ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. धुण्याचा सोडा चुकूनही नको, त्याने कातडी भाजते. तान्ह्या बाळासाठी सोडा वापरू नका.

मऊ झालेले खवले ओल्या सुती फडक्याने हलके पुसून काढा. वज्री फक्त टाचांसाठी, तीही हलक्या हाताने. अंगभर वज्री घासली की कातडी सोलते, जंतू शिरतात आणि खवले पूर्वीपेक्षा जाड येतात. बेसन आणि मुलतानी माती ओलावा शोषतात, त्यामुळे तीही नकोत. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या क्षारांशी साबणाची गाठ पडून चिकट थर अंगावर राहतो आणि खाज वाढते. अंग धुण्याचा साबणविरहित बार घ्या, तोही काखा, जांघा आणि पावलांपुरता.

आता महत्त्वाची तीन मिनिटं. टॉवेलने खसाखसा पुसू नका, टिपून घ्या आणि अंग ओलसर असतानाच मलम लावा. मोठ्या माणसाला एका वेळी अंगभर लावायला २५ ते ३० ग्रॅम लागतं. दिवसातून दोनदा लावलं तर १०० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपते. 'क्रीम लावतो पण फरक नाही' असं सांगणाऱ्या घरात ती ट्यूब महिनाभर पुरवलेली असते. महागड्या ट्यूबपेक्षा पांढरं पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफिन निम्मं निम्मं मिसळून भरपूर लावणं केव्हाही चांगलं. हात-पायांच्या जाड भागावर १० टक्के युरिया उपयोगी पडतो, पण भेगांवर तो झोंबतो, म्हणून आधी भेगा भरू द्या. लहान मुलांना सॅलिसिलिक ॲसिडचं मलम अंगभर लावू नका, ते रक्तात उतरून विषबाधा होऊ शकते.

पॅराफिन मुरलेले कपडे, चादरी लवकर पेट घेतात, आणि धुऊनही ते पूर्ण निघत नाही. चूल, गॅस, देवाचा दिवा, बिडी यांपासून जपा.

कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी भेगाळलेली बोटं रक्तबंबाळ होतात. रात्री मलम लावून सुती हातमोजे घाला आणि वेचताना पातळ हातमोजे वापरा. नवीन, गोल, कडेने लाल आणि खाजणारा चट्टा दिसला तर तो नायटा असू शकतो. खवल्यांमध्ये तो लपून राहतो आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या मिश्र मलमाने पसरतो. कानात खवले साचून ऐकू कमी येत असेल तर काडी घालू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान साफ करून घ्या. आणि शाळेत गुरुजींना, बाईंना आधीच सांगून ठेवा की हे स्पर्शाने होत नाही, म्हणजे मूल बाकावर एकटं बसणार नाही.

थंडी कातडीला छळते, पण जिवाला धोका उन्हाळ्यात आहे. खवल्यांनी घामाची छिद्रं बुजतात आणि घाम नीट येत नाही. जळगाव-भुसावळला पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा अशा मुलाचं अंग आतून तापत राहतं. तेव्हा घामाचं काम ओल्या कापडाने करायचं. बनियन भिजवून घाला आणि मानेवर ओला रुमाल ठेवा. हवा कोरडी असल्याने पाणी भराभर उडतं आणि अंग थंड होतं. म्हणूनच पाण्याचा कूलर इथे छान चालतो. नुसता पंखा मात्र पारा चाळीसच्या पुढे गेला की गरम हवाच अंगावर फेकतो. पहिल्या पावसानंतर दमट हवेत ओलं कापडही सुकत नाही, ते दिवस सोपे समजू नका. आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) मृगापर्यंत अकरा ते पाच शेत, मैदान आणि उन्हातली वरात टाळा. दिवसा घट्ट मलमाऐवजी पातळ लोशन लावा, जाड थर रात्रीसाठी ठेवा.

चेहरा लालबुंद, अंग तापलेलं, डोकेदुखी, उलटी, सुस्ती दिसली की लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी घालून वारा घाला. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली तर तोंडाने पाणी पाजू नका, अंग ओलं ठेवत तडक दवाखाना गाठा. तापाची गोळी देत वेळ घालवू नका, उन्हाने चढलेली ही उष्णता पॅरासिटामॉलने उतरत नाही.