पैसे पाठवले तर चालणार नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचा, म्हणजे गरजू घरांना भेटून मदत करणाऱ्या आमच्या कॅथलिक संस्थेचा, विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला असतो: दोघादोघांनी दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी जाऊन बसायचं कशाला? पैसे खात्यात टाकून मोकळं व्हावं.

टाका की. पण कशासाठी टाकायचे, हे घर पाहिल्याशिवाय कळत नाही.

‘तांदूळ द्या’ म्हणून निरोप येतो. आता रेशनकार्ड चालू असेल तर तांदूळ घरात असतोच. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य, अंत्योदयला घरामागे ३५ किलो, आणि २०२३ पासून तेही फुकट. आपण वर आणखी दहा किलो नेऊन ठेवला की तो वाण्याकडे जातो, आणि मग आपणच म्हणतो, ‘बघा, विकून खाल्ला.’ अहो, डाळ नव्हती, तेल नव्हतं, सिलिंडर संपला होता. तांदूळ मागायला लाज कमी वाटते, एवढंच. चौघांच्या घराला महिन्याला ३ किलो डाळ, २ लिटर तेल, ४ किलो कांदे-बटाटे, साखर, चहापूड, मीठ-मसाला, साबण, असा आमचा अंदाज असतो. घरात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर दूध वेगळं.

रेशन मिळत नसेल तर ते का मिळत नाही, हे आधी बघायचं. विटा-सिमेंटच्या कामाने नाहीतर भांडी घासून बोटांचे ठसे झिजतात आणि मशीन अंगठा घेत नाही. आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला, मग ओटीपी यायचा कुठे? सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नसतं, म्हणून सासरच्या कार्डावर चढत नाही. ही गाठ रेशन ऑफिसात नाहीतर आधार केंद्रात एक-दोन खेपा घालून सुटते आणि दरमहा धान्य सुरू होतं. आपल्या पिशवीने ती सुटत नाही.

दवाखान्याचंही तेच. बिल हातात पडल्यावर आमच्याकडे धाव येते. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पहिल्यांना १ लाख ८० हजार, दुसऱ्यांना ३ लाख ६० हजार. म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड दाखल करतानाच पुढे करायचं आणि तिथल्या समाजसेवकाला त्याच दिवशी भेटायचं. बिल निघाल्यावर भांडण फार अवघड होतं.

जाण्याची रीत सांगतो, कारण इथेच जास्त चुका होतात. आधी कळवून जा. एकटे कधीच जाऊ नका, त्या घराच्या आणि तुमच्याही अब्रूचा प्रश्न असतो. गाडी गल्लीच्या बाहेर लावा. पिशवी बाजाराची, साधी. चाळीत ‘यांच्याकडे मदतवाले येतात’ हे एकदा पसरलं की मुलीच्या लग्नापर्यंत ते पुरतं. फोटो नाही. वही-पेन बाहेर काढायचं नाही, नोंद परत आल्यावर. नवऱ्याच्या दारूची चौकशी मुलांसमोर तर नाहीच नाही. पुढे केलेला चहा प्या. आपण नुसतेच देणारे असलो की समोरच्याची मान खालीच राहते. धर्म विचारायचा नाही, आणि त्या घराने म्हटल्याशिवाय प्रार्थनाही सुरू करायची नाही. मदतीच्या बदल्यात प्रार्थना हा व्यवहार झाला.

रोख रक्कम शक्यतो टाळतो. फी शाळेत, औषधाचे पैसे दुकानात. पण हा नियम फार ताणू नये. प्रत्येक रुपयाची पावती मागणारा माणूस भेटीला जात नाही, तपासणीला जातो. आणि नाताळला चार घरांतून चार केक आणि फेब्रुवारीत कोणीच नाही, ही आमची जुनी खोड आहे.

हे सगळं पॅरिसमध्ये सुरू झालं, २३ एप्रिल १८३३ रोजी. फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा, कायद्याचा विद्यार्थी. ‘तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामं केली असतील, आज काय करता?’ असा टोला इतर विद्यार्थ्यांनी हाणला होता. त्याने आणि एका मित्राने हिवाळ्यासाठी घेतलेलं आपलं उरलेलं सरपण एका गरीब घरी पोचवलं. मुफ्तार भागात काम करणाऱ्या सिस्टर रोझाली यांनी या पोरांना घरं दाखवली आणि भेटायचं कसं तेही शिकवलं.

सरपण स्वतःचं होतं, हे महत्त्वाचं. देणग्या आम्हीही घेतो, पण सभेत गुप्तदानाची पिशवी फिरतेच. तिच्यात पडायचं ते आपल्या खर्चातून वाचलेलं. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात शुक्रवारी मटण टाळून तेवढ्याच पैशांचं पनीर आणलं, तर पिशवीत काय पडणार? वाचलं ते त्याच दिवशी डब्यात बाजूला काढलं तर राहतं. महिनाअखेर हिशोब करू म्हटलं की विरघळतं.

पिशवी कापडी असते, तोंड अरुंद. प्रत्येक जण मूठ मिटून हात आत घालतो, आत उघडतो, बाहेर काढतो. ज्याच्याकडे त्या आठवड्यात काही नाही, तोही तसाच घालतो. खजिनदार शेवटी ती एकदाच टेबलावर उलटी करून मोजतो.