पगार कोण देतं?

"हे सगळं छान आहे हो ताई, पण पगार कोण देतं?"

मुलगी एकदम आईकडे बघायला लागली. आई मात्र प्लास्टिकच्या पिशवीतली बारावीची मार्कशीट सरळ करत माझ्या उत्तराची वाट बघत होती. लेकीला समाजासाठी माध्यमांत काम करायचंय, म्हणून दोघी आज भेटायला आल्या होत्या.

मी नेहमीप्रमाणे कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे गावातल्या लोकांनी स्वतःच चालवलेल्या छोट्या रेडिओ केंद्रांवर घसरले होते. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी. तेलंगणात माचनूरचा संगम रेडिओ, २००८ पासून तिथल्या दलित बायका चालवतात तो. मुलगी वहीत भराभर उतरवून घेत होती.

प्रश्न रोकडा होता, मग उत्तरही तसंच दिलं. सरकारच्या २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना असं रेडिओ केंद्र काढायला परवानगी मिळाली, पण जाहिरातींना तासाला मोजकीच मिनिटं (तेव्हा ५, २०२४ पासून १२). बाकी मदार देणग्या आणि प्रकल्पांवर. प्रकल्प संपला की पुढच्या महिन्याचं काय, हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. शहरातल्या मोठ्या संस्थेत 'कम्युनिकेशन ऑफिसर' झालीस तर पगार बरा, पण निम्मा दिवस देणगीदारांसाठी इंग्रजी अहवाल लिहिण्यात जातो. (त्यात एका हसऱ्या बाईचा फोटो लागतोच!)

वाटलं, आता उठतील. तर आई म्हणाली, "बरं. मग जोडीला काय शिकू दे हिला?"

ध्वनिसंपादन, हिशेब, प्रकल्प-प्रस्ताव लिहिणं, एवढं तर सांगितलं. या क्षेत्रात मुरलेल्यांनो, तुम्ही अजून काय सांगाल?