१३ अंश फिरवलेली मशीद

ढाक्याच्या उत्तरेला, फैदाबादच्या दाटीवाटीच्या वस्तीत बैत उर रौफ नावाची मशीद आहे, २०१२ साली बांधून झालेली, आर्किटेक्ट मरिना तबस्सुम. तिचे फोटो नेटवर भरपूर फिरतात, विटांच्या भिंती, वरून पडणारा उजेड वगैरे, पण माझं ऐका आणि आधी प्लॅन बघा, कारण ही सगळी मशीद एका अडचणीतून उभी राहिलीय.

अडचण ही की प्लॉट किब्ल्याशी, म्हणजे मक्केतल्या काबाच्या दिशेशी, जुळत नाही, १३ अंशांनी तिरका पडतो. आणि नमाजाच्या रांगा किब्ल्याकडेच तोंड करून लागणार, तिथे तडजोड चालत नाही. मग एकतर इमारत प्लॉटला धरून बांधायची आणि आत चटयांच्या रांगा तिरप्या टाकायच्या, नाहीतर इमारतच तिरकी करायची आणि कडेच्या त्रिकोणी जागा वाया घालवायच्या. तबस्सुम यांनी बाहेरचा चौकोन प्लॉटला धरून ठेवला, त्यात एक गोल बसवला आणि गोलाच्या आत नमाजाचा हॉल १३ अंश फिरवला! गोलाला कोपरेच नाहीत ना, त्यामुळे आतला चौकोन कसाही फिरवा, काही तिरकं वाटतच नाही. वर गोल आणि हॉल यांच्यामध्ये चारी बाजूंना ज्या जागा उरल्या त्या आभाळाकडे उघड्या ठेवल्यात, उजेड तिथूनच आत येतो आणि हवा पण. गोलसुद्धा मधोमध नाहीये, वायव्येकडे सरकवलाय, म्हणून दक्षिणेला खांबांचा व्हरांडा निघाला आणि पूर्वेला वजूची, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याची जागा. साडेसातशे चौरस मीटरच्या आसपासच्या जागेत हे सगळं बसवलंय, मला तरी हे फार मोठं काम वाटतं.

घुमट नाही, मिनार नाही. यावर बरेच जण नाक मुरडतात, पण मदिनेतली पैगंबरांची मशीद सुरुवातीला कच्च्या विटांची आणि खजुराच्या खोडांची होती, मिनार वगैरे सगळं नंतरचं. मशिदीत किब्ल्याची दिशा दाखवणारा कोनाडा असतो, मेहराब, पण इथे तो म्हणजे किब्ल्याच्या भिंतीत फक्त एक उंच उभी फट आहे, आणि ती पण जराशी तिरकी, म्हणजे नमाज पढताना समोरून येणारीजाणारी माणसं दिसत नाहीत, नुसता उजेड येतो. छताला इकडेतिकडे विखुरलेली गोल भोकं आहेत, त्यातून जमिनीवर उन्हाचे ठिपके पडतात आणि सूर्य सरकेल तसे सरकत राहतात. सजावट म्हणाल तर एवढीच.

वीट का, तर बंगालमध्ये दगड फारसा मिळतच नाही. आपल्याकडे काळा दगड जसा पायाखाली मिळतो तशी तिकडे नदीची माती, त्यामुळे सुलतानांच्या काळापासून तिथल्या बहुतेक मशिदी विटांच्याच, बांगलादेशातल्याच बागेरहाटची १५व्या शतकातली साठ गुंबद मशीद घ्या. इथेही बाहेरच्या भिंती विटांच्या, भार पेलणाऱ्या, आणि हॉलमध्ये मध्ये खांब नको म्हणून तेवढं काँक्रीटचं. भिंतीत जाळी सोडलीय, वारा खेळता राहतो.

जमीन दिली तबस्सुम यांच्या आजीने, नवरा आणि जवळची माणसं गेल्यावर. आधी तात्पुरती शेड होती. पुढे आजीही गेली, मग पैसे जमवणं, डिझाइन, बांधून घेणं सगळं नातीनेच केलं, त्यामुळे महागाचं काही नाहीच त्यात. मशीद उंच जोत्यावर आहे कारण पुराची भीती, पण तेच जोतं आता वस्तीला बसाउठायला झालंय, आणि मोहल्ल्याच्या मशिदीत मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, नमाजाची वेळ नसतानाही लोकांना तिथे टेकता आलं पाहिजे.

२०१६ मध्ये हिला वास्तुकलेसाठीचा आगाखान पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये तबस्सुम यांना तो परत मिळाला, यावेळी नदीतल्या चरांवर, म्हणजे गाळाच्या बेटांवर, राहणाऱ्यांसाठी केलेल्या खुदी बाडीला, म्हणजे बांबूची छोटी दुमजली घरं, पाणी चढलं की सुटी करून दुसरीकडे नेऊन उभारता येतात. तिची ड्रॉइंग्जही शोधून बघा, बांबूचे सांधे कसे जोडलेत ते खास बघण्यासारखं आहे.