काटोलच्या काकांची वही

मे महिना, दुपारचा एक. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दुकानात कूलर फुल्ल सुरू होता, तरी माउसवर हात चिकटत होता. समोरच्या खुर्चीत काटोलहून आलेले काका बसले होते. एसटीत वाहक म्हणून उभी हयात गेली, निवृत्तीनंतर रहस्यकथा लिहायला घेतल्या. नायकही वाहकच. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी हा सगळा संत्र्याचा पट्टा, रातराणी गाडी, आणि शेवटच्या सीटवर विसरलेली कुणाची तरी पिशवी. मी अक्षरजुळणी करते, पानं लावते. सहसा मजकूर वाचत नाही, डोळा फक्त चुकांवर असतो. काकांच्या पुस्तकाची पानं लावताना मात्र मी दोनदा थांबून पुढे काय होतं ते वाचलं होतं.

पाच पुस्तकं तयार होती. पहिल्या तिन्हींच्या फाइली श्रीलिपी या जुन्या फॉन्टच्या पद्धतीतल्या. युनिकोडमध्ये आणल्यावर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले होते. काकांनी कागदावर लाल पेनानं एकेक ओळ तपासून दिली. ते काम संपलं होतं. आता फक्त किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, चढवायचं होतं.

लेखकानं स्वतः पुस्तक चढवायची तिथली सोय म्हणजे केडीपी. तिथे एक चौकट येते, केडीपी सिलेक्टची. तिच्यावर टिक केली की पुस्तक किंडल अनलिमिटेडमध्ये जातं. वर्गणी भरणारे वाचक ते वेगळे पैसे न देता वाचतात आणि लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात. एका वाचकानं एक पान पहिल्यांदा वाचलं तेवढंच धरतात. पानाचा दर दर महिन्याला बदलतो आणि महिना उलटल्यावर कळतो. भारतात आणखी एक गोम आहे. इथल्या विक्रीवर 70 टक्के मानधन हवं असेल तर सिलेक्टमध्ये असावंच लागतं. बाहेर राहिलं तर 35 टक्के. म्हणजे 99 रुपयांच्या पुस्तकामागे ढोबळमानानं एकीकडे सत्तर, दुसरीकडे पस्तीस. त्यातून कर जातो, आणि सत्तरवाल्यात फाइल पोचवायचा खर्चही कापतात, तरी फरक डोळ्यांत भरतो. बदल्यात अट एकच. 90 दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही. विकत नाही, फुकट नाही, स्वतःच्या ब्लॉगवरसुद्धा नाही. नमुना म्हणून दहा टक्क्यांपर्यंत चालतं. छापील पुस्तकाला आणि ऑडिओला ही अट नाही.

मी सगळ्यांना टिक करायलाच सांगत आले होते. भयकथा, रहस्यकथा, प्रेमकथा वाचणारा माणूस एका बैठकीत पुस्तक संपवतो आणि लगेच पुढचं मागतो, त्यामुळे पानांचा हिशेब अशा लेखनाला मानवतो. पण मागच्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली होती. एका लेखिकेची दीर्घ भयकथा मी सिलेक्टमध्ये घातली. तीच कथा एका दिवाळी अंकात आली होती, आणि त्या अंकाची ई-आवृत्तीही विकायला होती. छापील अंक चालला असता, ई-आवृत्ती चालत नाही. ॲमेझॉनची तंबीची मेल त्या बाईंना आली. त्या घाबरून रात्री दहाला फोनवर रडायला लागल्या. मी आधी विचारायला हवं होतं. तेव्हापासून टिक करायच्या आधी मी एक प्रश्न विचारतेच.

"काका, ही पुस्तकं आणखी कुठे आहेत का? प्रतिलिपीवर, ग्रुपवर, कुठेही?" प्रतिलिपी म्हणजे गोष्टी लिहायचं-वाचायचं ॲप.

"पहिलं हाये ना प्रतिलिपीवर. चार वर्षं झाली. भाग भाग करून टाकलं होतं."

"मग ते तिथून काढावं लागेल."

काका काही बोलले नाहीत. पिशवीतून त्यांनी एक लांबट वही काढली आणि टेबलावर ठेवली. पानांवर पट्टीनं आखलेले रकाने होते. मला वाटलं हिशेबाची असेल. नीट पाहिलं तर रकाने वाहक गाडीत भरतो त्या वे-बिलासारखे: तारीख, भाग क्रमांक, "चढले", "उतरले". चढले म्हणजे त्या दिवशी नव्यानं वाचायला लागलेले, काकांच्या अंदाजानं. उतरले म्हणजे मधेच सोडून गेलेले. आणि शेवटच्या रुंद रकान्यात निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात, वाचकांच्या प्रतिक्रिया शब्द न् शब्द उतरवलेल्या. रात्रपाळी करणारी एक नर्स दर भागाखाली लिहायची की पेशंट झोपले, आता वाचते. सुरतेला ट्रक चालवणारा वरुडचा एक मुलगा लिहायचा की तुमच्या गोष्टीत आमच्या गावाचा फाटा येतो तेव्हा गाडी बाजूला लावून वाचतो. नवव्या भागाच्या ओळीत "उतरले"च्या रकान्यात मोठा आकडा होता आणि त्याखाली काकांनी स्वतःसाठी लिहिलं होतं: इथं लांबण लागली, कापा.

"हे लोक काहून उतरवू मी?" काका म्हणाले. "मले सांग पोरी, यायच्यापाशी किंडल हाये का?"

मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं मी लेखकांना टक्केवारी समजावत होते. त्यांचा वाचक कुठे बसून, कशावर वाचतो, हे कुणालाच विचारलं नव्हतं. त्या ट्रकवाल्या मुलाचा विचार केला. त्याच्याकडे स्वस्तातला अँड्रॉइड फोन असेल. किंडलच्या अँड्रॉइड ॲपमधलं खरेदीचं बटण 2022 मध्येच काढलं होतं. पुस्तक घ्यायला ब्राउझर उघडून जावं लागायचं. तो एवढं करेल? गूगल प्ले त्याच्या फोनमध्ये आधीपासून असतं, पैसे यूपीआयनं जातात. बुकगंगावर मराठी वाचक स्वतःहून पुस्तकं शोधायला येतो. आणि कथा प्रतिलिपीवरून काढली की तिच्याखालचं हे चार वर्षांचं बोलणंही वाचकांसमोरून जातं. सत्तर आणि पस्तीसच्या हिशेबात हे कुठेच धरलेलं नव्हतं.

दुसरी बाजूही खरी आहे, ती मी काकांना सांगितली. किंडल अनलिमिटेडचा वाचक हा भरपूर वाचणारा वाचक आहे. अनोळखी लेखकावर तो 99 रुपये खर्च करणार नाही, पण वर्गणी भरलेलीच आहे म्हणून उघडून पाहील. पुण्यात, बंगळुरात, परदेशात नोकरी करणारी आपल्याकडची मुलं तिथे आहेत. त्यांना सोडून द्यायचं हेही बरोबर नाही.

चारच्या सुमारास शेजारून चहा आला आणि तोवर आमचं ठरलं. वाहकाची मालिका, म्हणजे पहिली चार पुस्तकं, सगळीकडे ठेवायची. प्रतिलिपीवरचं पहिलं तसंच राहू द्यायचं, आणि चारही गूगल प्ले, बुकगंगा आणि किंडलवर, किंडलवर पस्तीस टक्क्यांनी. मालिका तोडायची नाही हे मीच धरून बसले. पहिलं एकीकडे आणि दुसरं भलत्याच दुकानात कुलूप लावून ठेवलं, तर तो ट्रकवाला मुलगा अर्ध्या रस्त्यात उतरेल. पाचवं पुस्तक वेगळं आहे, रामटेकच्या धर्मशाळेतल्या एका खुनाचं, त्यात वाहक नाही. ते कुठेच आलेलं नव्हतं, कुणी त्याची वाट पाहत नव्हतं. ते सिलेक्टमध्ये घातलं.

मुदत संपली की नोंदणी आपोआप पुढच्या 90 दिवसांसाठी वाढते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. मी ती आपोआप वाढीची टिक तिथेच काढून टाकली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर 12 ऑगस्टच्या चौकोनात काकांचं नाव लिहिलं. त्या दिवशी पानांचा हिशेब समोर ठेवून पुन्हा बसायचं.

मग राहिलं शेवटचं पान. पुस्तक संपल्यावर पुढचं कुठे मिळेल हे तिथे लिहायचं असतं. मी नेहमीसारखं टाइप केलं: या मालिकेतील पुढील पुस्तके खालील ठिकाणी उपलब्ध. काकांनी चष्मा वर केला, वाचलं आणि मान हलवली.

"असं नाई. मी सांगतो, तू लिही."

ते खुर्चीत सरळ बसले आणि गणेशपेठच्या स्टँडवर ओरडावं तशा आवाजात एकेक दुकान सांगू लागले, मधे श्वासापुरतं थांबून. बाहेरच्या झेरॉक्सच्या मुलानं आत डोकावून पाहिलं. मी तसंच टाइप केलं, एका ओळीत एक नाव. तळाला त्यांनी नर्सबाईंसाठी म्हणून एक ओळ घालायला लावली: पेशंट झोपले असतील तर पुढची गाडी लागली आहे.